बाटली ओतली, आता ऑइल बदलायचं की नाही?

इंजिन साफ करणारी बाटली मिळते अडीचशे-तीनशे रुपयांत. ती ओतल्यावर ऑइल बदलावं की तेच चालवावं, यावर कॉलेजच्या पार्किंगमध्ये वाद ठरलेला. मी ऑइल न बदलता पन्नास किलोमीटर गाडी मारली. म्हणून माझं मत जरा ऐकाच.

सांगलीतल्या आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये दोन विषय कधी संपत नाहीत. एक अटेंडन्स आणि दुसरा गाडी. आता गाडी म्हणजे काही स्पोर्ट्स बाइक नव्हे. आमच्यातल्या बहुतेकांच्या गाड्या घरातून आलेल्या. कुणाला वडिलांची मिळालेली, कुणाला काकांची, कुणाच्या वाट्याला ताईचं लग्न झाल्यावर मागे राहिलेली स्कूटी. माझी 2011 सालची, शंभर सीसीची. बारा वर्षं पप्पांनी तिला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून डेअरीला दूध घातलं. मी फर्स्ट इयरला आलो तेव्हा किल्ली माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "ऑइलकडं बघत जा."

मी दोन वर्षं पेट्रोलकडं बघितलं. ऑइलकडं नाही.

काळं दिसलं आणि घाबरलो

थर्ड इयर सुरू झालं तेव्हा गाडी खडखडायला लागली. तेव्हा कुठे जाऊन ऑइल बदललं. चारशे रुपये गेले. गाडी एकदम मऊ चालायला लागली, मीही खूश. सहाशे किलोमीटर झाल्यावर सहज म्हणून ऑइलची काडी बाहेर काढून पाहिली, तर ऑइल काळंकुट्ट. मला वाटलं गंडवलं. नवीन म्हणून कुणाचं तरी जुनं ऑइल भरलं गॅरेजवाल्यानं.

त्याच रात्री मोबाइलवर एक रील आलं. अशी रील्स बरोबर त्याच वेळी येतात. एक जण इंजिनमध्ये बाटली ओततो, दहा मिनिटांनी खालून डांबरासारखं काहीतरी बाहेर पडतं, मग गाडी वाऱ्यासारखी पळते. दुसऱ्या दिवशी मी दुकानात. 300 मिलीची बाटली, दोनशे ऐंशी रुपये. ती कारसाठी होती, पण दुकानदार म्हणाला, "बाइकला अर्धी टाक, काय होत नाही."

बाटलीच्या मागं बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. इंजिन गरम करा. ऑइलमध्ये ओता. दहा मिनिटं न्यूट्रलवर चालू ठेवा. या काळात गाडी चालवू नका. मग ऑइल काढून टाका, फिल्टर बदला, नवीन ऑइल भरा. मी पहिल्या तीन ओळी अगदी प्रामाणिकपणे पाळल्या. पुढच्या ओळींशी आलो आणि मनात विचार आला, सहाशे किलोमीटर झालेलं चारशे रुपयांचं ऑइल फेकून द्यायचं? हे सगळं कंपनीवाल्यांचं ऑइल खपवायचं नाटक! शनिवार होता. तशीच गाडी काढली आणि तासगावमार्गे गावाकडं निघालो.

गावाआधी एक चढ आहे. तिथं गाडीनं इंगा दाखवला. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी काही पुढं जाईना. क्लच स्लिप मारत होता. शेवटचं अर्धा किलोमीटर ढकलत नेली. पप्पा ओट्यावर बसले होते. काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

घर धुतलं, पाणी घरातच

गावात एक मिस्त्री आहेत. अख्खं गाव त्यांना मामा म्हणतं. मामांनी ऑइलचं झाकण उघडून वास घेतला.

"काय ओतलंस?"

मी सांगितलं.

"आनि ऑइल?"

"तेच आहे."

"म्हंजे घर धुतलंस आनि पाणी घरातच ठेवलंस की रं!"

इतकं सोपं होतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

नंतर मी नीट वाचलं, समजून घेतलं. ते तुम्हालाही सांगतो, कारण मत मांडायचं तर आत काय घडतं ते माहीत हवं.

इंजिन ऑइल फक्त वंगण नसतं. ते इंजिन थंड ठेवतं, गंज धरू देत नाही आणि साफसफाईही करतं. ऑइलमध्ये मुळातच काजळी सुटी करणारी आणि सुटलेली काजळी तरंगती ठेवणारी रसायनं मिसळलेली असतात. म्हणून नवीन ऑइल काळं पडलं की ते खराब झालं असं समजायचं कारण नाही. माझ्या गाडीत दोन वर्षांचा गाळ साचला होता. नवीन ऑइल तो गोळा करत होतं, म्हणून सहाशे किलोमीटरमध्ये काळं झालं. म्हणजे गॅरेजवाल्यानं मला फसवलं नव्हतं. ऑइल त्याचं काम करत होतं, आणि मी त्यालाच चोर ठरवलं.

आता बाटलीत काय असतं? फ्लश म्हणून जी बाटली मिळते, तिच्यात मुख्यतः रॉकेलच्या जातीची पातळ द्रावणं आणि तीव्र साफ करणारी रसायनं. ती ऑइल पातळ करतात आणि चिकटलेला गाळ सोडवतात. दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू असेल, त्यावर भार नसेल, तर पातळ ऑइलवर निभावतं. पण गाडी पळवली, चढ चढवला, की धातू धातूला घासू नये म्हणून मध्ये जो ऑइलचा पडदा लागतो, तो पातळ ऑइलमुळं पुरेसा जाड राहत नाही. पिस्टन, कॅम, बेअरिंग, सगळं झिजायला लागतं. ही झीज दिसत नाही, ऐकूही येत नाही. कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

शिवाय सुटलेला गाळ जातो कुठं? ऑइलमध्येच फिरत राहतो. आमच्या शंभर सीसीला बदलायचा कागदी फिल्टर नाही, खाली एक जाळी आहे. मामांनी जाळी काढून दाखवली. काळे कण चिकटून ती अर्धी बुजली होती. पूर्ण बुजली असती तर वर ऑइल पोचलंच नसतं.

बाइक म्हणजे छोटी कार नव्हे

दुकानदाराच्या 'अर्धी टाक'चा हिशेब नंतर मी वहीत मांडला. कारमध्ये ऑइल असतं साधारण चार लिटर. त्यात 300 मिली म्हणजे एकूण मिश्रणाच्या सुमारे सात टक्के. माझ्या गाडीत ऑइल 900 मिली. अर्धी बाटली म्हणजे 150 मिली, ते झालं चौदा टक्क्यांच्या वर. अर्धी टाकूनही डोस दुप्पट!

आणि क्लच का घसरला? कारमध्ये इंजिनचं ऑइल सहसा क्लचला लागत नाही. आपल्या गिअरच्या बाइकमध्ये मात्र इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच, तिघांना एकच ऑइल. क्लचच्या प्लेटा त्या ऑइलमध्ये बुडालेल्या असतात आणि तरीही त्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. म्हणून बाइकच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए 2' असं लिहिलेलं असतं. म्हणजे हे ऑइल ओल्या क्लचला चालतं. बिनगिअरच्या स्कूटीचा क्लच कोरडा आणि वेगळा, म्हणून तिच्या डब्यावर बहुधा 'एमबी' दिसतं. कारसाठी बनवलेलं काहीही बाइकमध्ये ओतताना हा फरक आपण विसरतो. क्लच विसरत नाही.

मामांनी ऑइल काढलं. रॉकेलचा वास, आणि धार पाण्यासारखी. जाळी धुतली, योग्य ग्रेडचं नवीन ऑइल भरलं. सगळं ऑइल कधीच निथळत नाही, कानाकोपऱ्यात थोडं राहतंच. म्हणून म्हणाले, तीनशे किलोमीटरनं हेही बदलू. दोन-तीन दिवसांत क्लच पूर्ववत झाला. प्लेटा वाचल्या. चारशेचं ऑइल वाचवायला निघालो होतो. बाटली दोनशे ऐंशी, दोनदा ऑइल आठशेच्या वर, मजुरी वेगळी, आणि ते जुनं चारशेचं ऑइल तर गेलंच.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर अगदी सरळ आहे. ऑइलमध्ये फ्लश ओतलात, तर ऑइल बदलायचं. उद्या नाही, महिनाअखेरीला पॉकेटमनी आल्यावरही नाही. तिथंच, त्याच बैठकीत. नवीन ऑइलचा डबा शेजारी असल्याशिवाय बाटलीचं झाकणच उघडू नका.

काही जण म्हणतील, पण काही बाटल्या तर ऑइलमध्येच ठेवून गाडी चालवायला सांगतात. बरोबर आहे. काही सौम्य क्लीनर ऑइल बदलण्याआधीच्या शेवटच्या काहीशे किलोमीटरसाठी बनवलेले असतात. तुमच्या बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलं असेल तर तसं करा. पण शेवट बघा, तिथंही ऑइल बदलणंच आहे.

दुसरी बाटली, दुसरं उत्तर

माझी ही कथा ऐकून प्रोजेक्ट पार्टनर घाबरली. तिनं आदल्याच आठवड्यात स्कूटीच्या पेट्रोलच्या टाकीत क्लीनर टाकला होता. "मग मीही ऑइल बदलू का? आत्ताच सर्व्हिसिंग केलंय रे!"

इथंच सगळा घोळ होतो. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात, दोन्हींवर 'क्लीनर' लिहिलेलं असतं, पण एक ऑइलची आणि एक पेट्रोलची. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटलीचं काम इंजेक्टर, व्हॉल्व्ह आणि जिथं पेट्रोल जळतं ती जागा साफ करणं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस 6 आलं आणि आपल्या दुचाक्यांमधून कार्बोरेटर जाऊन बहुतेक ठिकाणी इंजेक्टर आला. तेव्हापासून या बाटल्यांना गिऱ्हाईक वाढलं असेल तर नवल नाही. चांगल्या क्लीनरमध्ये पॉलीइथर अमाइन नावाचं रसायन असतं. त्यानं सुटलेला कार्बन बहुतांशी जळून सायलेन्सरमधून बाहेर जातो.

बहुतांशी म्हणालो, पूर्ण नाही. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडं न जळलेलं पेट्रोल, थोडा धूर खाली ऑइलमध्ये उतरतोच. हे क्लीनर न टाकताही होतं. क्लीनर टाकला की त्या पेट्रोलबरोबर त्याचाही थोडा अंश आणि सुटलेली थोडी काजळी ऑइलमध्ये जाते. इंजिन गार असताना आणि गाडी छोट्या अंतरावर चालवताना हे जास्त होतं. हॉस्टेल ते कॉलेज दीड किलोमीटर, म्हणजे नेमकं आपलंच.

म्हणून तिला मी सांगितलं, लगेच ऑइल बदलायची गरज नाही. बाटलीवर दिलेलंच प्रमाण टाकलं असशील तर एका टाकीनं आकाश कोसळत नाही. फक्त मधूनमधून ऑइल बघ. पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला, तर वाट न बघता बदल. आणि पुढच्या वेळी क्रम उलटा कर. सर्व्हिसिंग झाल्यावर नाही, सर्व्हिसिंगच्या आधीच्या शेवटच्या टाकीत क्लीनर टाक. टाकी संपली की ऑइल बदल. जो काही कचरा उतरला असेल तो जुन्या ऑइलबरोबर जाईल. एक रुपया जास्तीचा खर्च नाही, फक्त तारखा जुळवायच्या.

डिझेल मारून बघू?

फ्लशची बाटली महाग वाटली की तिसरा सल्लागार येतो. "इंजिनात डिझेल मार, सगळं स्वच्छ!" जुन्या मिस्त्री लोकांची ही पद्धत. डिझेल गाळ सोडवतं, यात खोटं काही नाही. पण ते वंगण म्हणून ऑइलच्या जवळपासही नाही, ते सगळं बाहेर निघत नाही, आणि जे मागं राहतं ते नवीन ऑइल पातळ करतं. मामांना विचारलं. म्हणाले, "आम्ही मारायचो. तवा ऑइलच तसलं हुतं. आता कशाला?" चाळीस वर्षं हातात पाना धरलेला माणूस स्वतःची जुनी सवय सोडून देतो. आपण मात्र पंधरा सेकंदांच्या रीलवर ठाम.

बाटली घ्यायचीच का?

हे खरं तर माझं मुख्य म्हणणं. 'ऑइल बदलू का' हा प्रश्न आपण बाटली ओतल्यानंतर विचारतो. तो आधी विचारला तर बहुतेक वेळा बाटलीच लागत नाही.

गाडीबरोबर जे मॅन्युअल येतं, ते उघडून बघा. ऑइलची ग्रेड लिहिलेली असते, किती किलोमीटरनं बदलायचं ते असतं. दर सर्व्हिसिंगला फ्लश मारा, असं आमच्या मॅन्युअलमध्ये कुठंच नाही. वेळेवर ऑइल बदललं तर ऑइल स्वतःच इंजिन धूत असतं, रोज, हळूहळू, गाळ एकदम न सोडता. आणि जिथं खूप जुना गाळ आहे तिथं फ्लश धोक्याचाच. एकदम सुटलेला थर जाळी बंद करू शकतो.

मग सेकंडहँड गाडी घेतली, आधीच्यानं काय केलं माहीत नाही, तर? तरी मी बाटलीच्या आधी दुसरा रस्ता धरेन. योग्य ग्रेडचं साधं ऑइल भरा, चार-पाचशे किलोमीटरनं काढा, पुन्हा भरा. दोन ऑइलचे पैसे जातील. पण बाटली अधिक ऑइल यापेक्षा फार जास्त नाहीत, आणि जोखीम कितीतरी कमी.

आणखी एक गोष्ट. काढलेलं ऑइल गटारात सोडू नका. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल येतं ते उगाच नाही. हॉस्टेलमागं स्वतः ऑइल बदलणारे बहाद्दर आमच्याकडंही आहेत. कॅनमध्ये भरा, गॅरेजच्या पिंपात नेऊन ओता.

पप्पांची डायरी

त्या रविवारी निघताना पप्पांनी कपाटातून एक खिशातली डायरी काढून दिली. बोलले काहीच नाहीत. उघडली तर पानापानावर तारीख, किलोमीटर आणि शेवटी दोनच अक्षरं, 'ऑ.ब.' ऑइल बदललं. दर दोन-अडीच हजार किलोमीटरला एक ओळ. दुधाचे पैसे थकले त्या महिन्यांतही ओळ चुकलेली नाही. बारा वर्षांत एकही बाटली नाही, आणि गाडी माझ्या हातात आली तेव्हा घड्याळासारखी चालत होती.

त्यानंतर दोन वर्षं कोरी पानं. ती माझी.

तेव्हा लक्षात आलं, मला इंजिन धुवायचं नव्हतं. दोन वर्षांचं दुर्लक्ष दहा मिनिटांत धुऊन टाकायचं होतं. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करतो ना, तसं. जर्नलवर सही मिळून जाते कधी कधी. इंजिन सही देत नाही.

आता डायरी माझ्या बॅगेत असते. माझ्या अक्षरात तीन ओळी झाल्यात. चौथी ओळ येत्या महिन्यात.

पार्किंगमध्ये वाद झाला तर एवढं सांगा

• ऑइलमध्ये फ्लश ओतला असेल तर गाडी न चालवता लगेच ऑइल बदला. फिल्टर असेल तर तो बदला, जाळी असेल तर धुऊन घ्या.
• फ्लश ओतून आधीच गाडी चालवली असेल तर आणखी चालवू नका. ढकलत न्या, पण गॅरेजला न्या.
• पेट्रोलमध्ये क्लीनर टाकला असेल तर ऑइल लगेच बदलायची सक्ती नाही. पण तो सर्व्हिसिंगच्या आधीच्या टाकीत टाकणं सगळ्यात शहाणपणाचं.
• ऑइलची बाटली पेट्रोलमध्ये नाही, पेट्रोलची ऑइलमध्ये नाही. कारची बाइकमध्ये तर नाहीच.
• ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका. किलोमीटर किती झाले ते बघा.